दोन मिनिटांचें मौन आणि ज्यूंचें धर्मशास्त्र

इस्रायल देशांत दरवर्षीं इय्यार महिन्याच्या चतुर्थीस, म्हणजे बहुतेक वर्षीं आपल्याकडील अक्षय्य तृतीयेच्या आगेंमागें, सकाळीं बरोबर अकरा वाजतां गांवोगांवचे भोंगे एकदम वाजूं लागतात. हमरस्त्यावरील मोटारी जागच्या जागीं थांबतात, चालविणारे दार उघडून रस्त्यावर उभे राहतात. कचेऱ्या, शाळा, बाजार एका क्षणांत स्तब्ध होतात. दोन मिनिटें सारा देश रणांत पडलेल्या आपल्या सैनिकांसाठीं मूकपणें उभा असतो. परंतु त्याच दोन मिनिटांत यरुशलेमच्या मेआ शआरीम पेठेंत किंवा तेल अवीवजवळील ब्ने ब्राक शहरांत काळे कोट घातलेले कांहीं गृहस्थ आपल्या वाटेनें चालत असतात, आणि एखाद्या पाठशाळेंतून तालमूदाच्या पठणाचा घोष तसाच ऐकूं येत राहतो. ज्या आईचा मुलगा सीमेवर पडला तिला हा देखावा कसा वाटत असेल, हें सांगावयास नको.

बाहेरच्या माणसास हा वाद देशाभिमानी आणि देशाविषयीं उदासीन अशा दोन पक्षांचा वाटतो. कांहीं अंशीं तो तसा आहेही. परंतु त्याच्या मुळाशीं धर्मशास्त्राचे तीन जुने प्रश्न आहेत. शोकाचा नवा दिवस नेमण्याचा अधिकार कोणाचा? परधर्मीयांची रीत ज्यूंनीं उचलावी काय? आणि अशा मौनानें मृताच्या आत्म्याचें काय कल्याण होतें? ह्या प्रश्नांचीं उत्तरें देणारे दोन्ही बाजूंचे पंडित एकाच तोरेवर श्रद्धा ठेवणारे आहेत, आणि एकाच तालमूदांतून आधार काढतात. म्हणून त्यांचे युक्तिवाद नीट समजून घेण्याजोगे आहेत.

प्रथम ह्या दिवसाचा इतिहास पाहूं. १९४८ सालच्या युद्धांत नवजात इस्रायल राष्ट्राचीं सुमारें सहा हजार माणसें कामास आलीं. त्या वेळीं तेथील ज्यू लोकसंख्या सहा-साडेसहा लाखांच्या घरांत होती. म्हणजे शंभरांत एक माणूस गेला. पुढील दोन वर्षें, १९४९ आणि १९५० सालीं, मृतांचें स्मरण इय्यार पंचमीस येणाऱ्या स्वातंत्र्यदिनींच होत असे. पण एकाच दिवशीं ज्यांच्या घरीं शोक त्यांनीं रडावें आणि शेजाऱ्यांनीं नाचावें, हें पुत्रशोकानें पोळलेल्या कुटुंबांस असह्य झालें. तेव्हां १९५१ सालीं आदला दिवस, म्हणजे चतुर्थी, स्मृतिदिन म्हणून वेगळा काढण्यांत आला. १९६३ सालीं त्याचा कायदा झाला. त्या कायद्यानें दोन मिनिटांचें मौन, अर्ध्यावर उतरविलेला ध्वज आणि बंद नाटकगृहें ठरून गेलीं. ज्यूंचा दिवस सूर्यास्तापासून मोजतात. त्यामुळें पहिला भोंगा आदल्या संध्याकाळीं आठ वाजतां एक मिनिट वाजतो, आणि दुसऱ्या दिवशीं सूर्य मावळला कीं तोच शोक संपून स्वातंत्र्याचा उत्सव सुरू होतो. १९९८ सालापासून दहशतवादी हल्ल्यांत मारले गेलेले नागरिकही ह्याच दिवशीं स्मरले जातात. सरकारी गणना १८६० सालापासून धरली जाते, आणि मृत सैनिकांची व रक्षकांची संख्या आज पंचवीस हजारांच्या वर गेलेली आहे.

आतां धर्माकडे वळूं. ज्यू धर्मांत मृतांच्या स्मरणाची व्यवस्था फार प्राचीन आणि फार रेखीव आहे. जवळचा आप्त वारला म्हणजे सात दिवसांचें सुतक असतें. त्या दिवसांत शोकग्रस्त माणसें घरांत खालच्या आसनावर बसतात व इष्टमित्र समाचारास येतात. मग तीस दिवसांचा सौम्य शोक. आईबापांसाठीं तो बारा महिने चालतो. मुलगा प्रार्थनामंदिरांत कद्दिश म्हणतो. ह्या अरामी भाषेंतील प्रार्थनेंत मृत्यूचा उल्लेखसुद्धां नाहीं. तींत केवळ ईश्वराच्या थोरवीचें वर्णन आहे, आणि ती म्हणण्यास दहा प्रौढ पुरुषांचा समुदाय हजर असावा लागतो. पुढें दरवर्षीं मृत्यूच्या हिब्रू तिथीस घरांत चोवीस तास दिवा लावतात, दानधर्म करतात, मिश्नेचें पठण करतात. आपल्याकडील श्राद्धतिथीची येथें कोणासही आठवण होईल. शिवाय युरोपीय ज्यूंच्या परंपरेंत वर्षांतून चार सणांना यिझकोर नांवाची स्मरणप्रार्थना होते. ईश्वरानें अमक्याच्या आत्म्याचें स्मरण ठेवावें, अशी ती याचना असते, आणि तिच्या जोडीस दान देण्याचा संकल्प असतो.

ज्यांच्या घरीं एवढी व्यवस्था आहे त्यांना सरकारनें नेमलेला दिवस कशाला हवा, असा पहिला आक्षेप निघतो. हा आक्षेप घेणाऱ्या सनातनी ज्यूंना हरेदी म्हणतात. ईश्वराच्या भयानें थरथरणारे, असा ह्या शब्दाचा अर्थ आहे. त्यांचें म्हणणें असें कीं, सर्व पिढ्यांना बांधणारा नवा उपवास किंवा शोकदिन स्थापण्यास फार मोठा अधिकार लागतो, आणि तो ह्या काळांत कोणापाशींच नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत युरोपांतील साठ लाख ज्यूंचा संहार झाला, तेव्हां त्यांच्यासाठीं कायमचा उपवास नेमावा अशी सूचना पुढें आली. त्या वेळचे अत्यंत आदरणीय पंडित अव्राहाम येशाया कारेलित्स हे ‘हझोन ईश’ ह्या ग्रंथनामानेंच प्रसिद्ध होते. ते १९५३ सालीं वारले. त्यांनीं अशा नव्या नियमास स्पष्ट विरोध केला. आपल्या दुर्बळ पिढीनें असें धाडस करूं नये, मौन बाळगावें, असा त्यांचा अभिप्राय होता. पुढें न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइन्स्टाइन यांनींही जुन्या उपवासांतच नव्या दुःखांचा समावेश होतो, असें लिहिलें.

ह्या मताला इतिहासाचा आधार आहे. १०९६ सालीं पहिल्या धर्मयुद्धाच्या वेळीं ऱ्हाईन नदीकांठच्या श्पायर, वर्म्स व माइंत्स ह्या शहरांतील ज्यू समाजांची भयंकर कत्तल झाली. ती घडली वसंताच्या अखेरीस. परंतु तिच्यावर रचलेलें शोकगीत आव महिन्याच्या नवमीस गाण्याची वहिवाट पडली. ही नवमी म्हणजे यरुशलेमच्या दोन्ही मंदिरांच्या विध्वंसाचा दिवस. त्या विध्वंसाच्या शोकापुढें दुसरा वेगळा दिवस काढावयाचा नाहीं, हीच त्यामागील भूमिका होती. सगळे अश्रु एकाच पात्रांत जमा व्हावेत, म्हणजे इतिहासाचे तुकडे पडत नाहींत, असा हा विचार आहे.

परंतु दुसऱ्या बाजूकडेही तितकाच जुना पुरावा आहे. ११७१ सालीं फ्रान्समधील ब्ल्वा गांवीं खोट्या आरोपावरून ज्यूंना जिवंत जाळण्यांत आलें. त्यांच्यासाठीं सिवान महिन्याच्या विसाव्या तिथीस उपवास नेमला गेला. पुढें १६४८ सालीं खमेलनित्स्कीच्या बंडांत पोलंड व युक्रेन भागांतील हजारों ज्यू मारले गेले, तेव्हां पोलंडच्या ज्यू महासभेनें तीच तिथि पुन्हां शोकदिन म्हणून ठरविली, आणि पूर्व युरोपांत ती कित्येक पिढ्या पाळली गेली. म्हणजे मंदिराच्या विध्वंसानंतरही ज्यू समाजांनीं नवे दिवस नेमलेले आहेत. फरक एवढाच कीं, ते समाजाच्या धर्माधिकाऱ्यांनीं नेमले होते. इय्यारची चतुर्थी लोकनियुक्त सरकारनें नेमली. वादाचा खरा कांटा येथें आहे. ज्यांना हें राष्ट्र ईश्वरी योजनेचा भाग वाटतें, त्यांच्या दृष्टीनें त्या राष्ट्राच्या सरकारचा ठराव म्हणजे सर्व समाजाचा ठराव. ज्यांना तें केवळ एक लौकिक राज्य वाटतें, त्यांच्या दृष्टीनें तो पंचांगावरील अतिक्रम आहे. १९३८ सालीं निघालेला नेतुरेई कार्ता हा लहानसा पंथ तर राज्यच अमान्य करतो; मग राज्याचा शोक त्याला कोठून मान्य व्हावा?

तिथीच्या निवडीविषयीं मात्र ह्या दिवसाला फारशी हरकत आली नाहीं. ज्यू संहाराचा स्मृतिदिन निसान महिन्याच्या सत्ताविसाव्या तिथीस नेमला, तेव्हां रब्बींनीं नापसंती दाखविली. कारण निसान हा वल्हांडण सणाचा, मुक्तीचा महिना असून त्यांत मृतांसाठीं शोकभाषणें करीत नाहींत. इय्यारचें तसें नाहीं. वल्हांडणापासून शाव्हुओत सणापर्यंतच्या एकुणपन्नास दिवसांत बऱ्याच मोठ्या भागावर शोकाची छाया असते. रब्बी अकिवा यांचे चोवीस हजार शिष्य ह्याच काळांत मृत्यु पावले, असें तालमूद सांगतो. त्या दिवसांत लग्नें लागत नाहींत. तेव्हां चतुर्थीचा शोक पंचांगाच्या रंगाशीं जुळूनच येतो. शोकाला लागून हर्षाचा दिवस येणें हेंही ज्यूंना नवें नाहीं. एस्तेर राणीच्या नांवाचा उपवास अदार महिन्याच्या त्रयोदशीस, म्हणजे ज्या दिवशीं ज्यू शत्रूशीं लढले त्या दिवशीं पडतो, आणि लगेच चतुर्दशीस पूरीमचा आनंदोत्सव होतो.

दुसरा आक्षेप मौनावर आहे. दोन मिनिटें स्तब्ध उभें राहण्याची प्रथा ज्यूंची नव्हे, हें उघड आहे. पहिल्या महायुद्धांत दक्षिण आफ्रिकेंतील केप टाउन शहरांत ती रूढ झाली. सर पर्सी फिट्झपॅट्रिक यांनीं ती लंडनला सुचविली, आणि पांचव्या जॉर्ज बादशहांनीं ११ नोव्हेंबर १९१९ रोजीं सर्व साम्राज्यांत पाळावयास सांगितली. पॅलेस्टाइन त्या काळीं ब्रिटिशांच्या हातीं होता. तेथेंही ती ओळखीची झाली. आतां लेवीय ग्रंथाच्या अठराव्या अध्यायांत परराष्ट्रांच्या रीतीप्रमाणें चालूं नये अशी आज्ञा आहे. हरेदी पंडित म्हणतात, कद्दिश आणि स्तोत्रें असतांना भोंग्याच्या तालावर उभें राहणें म्हणजे हीच आज्ञा मोडणें.

ह्या आज्ञेची व्याप्ति किती, ह्याचा खल पंधराव्या शतकांत इटलींतील रब्बी योसेफ कोलोन यांनीं केला आहे. त्यांच्यापुढें प्रश्न आला होता तो वैद्यांच्या झग्याचा. इतर वैद्य जो मानाचा झगा घालतात तो ज्यू वैद्यानें घालावा काय? कोलोन यांनीं परवानगी दिली. जी परकी रीत असभ्य आहे, किंवा जिला कांहींच समजण्याजोगें कारण नसून जी केवळ अंधश्रद्धेनें चालते, तीच निषिद्ध. ज्या रीतीला मान किंवा उपयोग असें सरळ कारण आहे ती निषिद्ध नव्हे, असा त्यांचा निर्णय होता. सोळाव्या शतकांत क्राकाऊचे रब्बी मोशे इस्सेर्लेस यांनीं तो आपल्या धर्मसंहितेवरील टीपांत घेतला. अठराव्या शतकांतील विल्ना शहरचे महापंडित एलिया मात्र ह्याहून कडक मताचे होते. म्हणून आज मौन पाळणारे कोलोन व इस्सेर्लेस यांचा आधार देतात, आणि न पाळणारे विल्नाच्या पंडिताचा कल धरतात.

शिवाय मौन सर्वस्वी परकें आहे काय? अहरोनाचे दोन पुत्र नादाब आणि अबीहू एका क्षणांत जळून मेले, तेव्हां बाप गप्प राहिला, असें लेवीय ग्रंथांत आलें आहे, आणि त्या गप्प राहण्याची पुढील टीकाकारांनीं मोठी प्रशंसा केली आहे. ईयोबावर संकट कोसळलें तेव्हां त्याचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्यापाशीं जमिनीवर बसले, पण एकानेंही शब्द काढला नाहीं. ह्यावरूनच नियम झाला कीं, समाचारास गेलेल्यानें शोकग्रस्त माणूस बोलेपर्यंत आपण तोंड उघडूं नये. शोकाच्या घरीं जाण्याचें पुण्य मौनांत आहे, असेंही तालमूदांत एके ठिकाणीं म्हटलें आहे. तेव्हां दोन मिनिटांचा ठराविक साचा परका असला, तरी त्यांतील भाव ज्यूंच्या घरचाच आहे, असें मौनाचे कैवारी म्हणतात.

तिसरा आक्षेप सर्वांत सूक्ष्म आहे. मृताच्या आत्म्याला पोंचतें तें पुण्य. तोरेचें अध्ययन, प्रार्थना, दानधर्म यांनीं त्याचें कल्याण होतें. भोंगा ऐकून रस्त्यांत थांबल्यानें काय होणार? उलट ज्या विद्यार्थ्यानें ती दोन मिनिटें अध्ययन चालूं ठेवलें त्यानें मृत सैनिकाला अधिक दिलें, असें हरेदी पंडित प्रामाणिकपणें मानतात. कित्येक हरेदी त्या दिवशीं सैनिकांच्या नांवें स्तोत्रांचें व मिश्नेचें पठण करतात. ह्या बाबतींत त्यांना निष्ठुर म्हणणें अन्यायाचें होईल.

परंतु ह्या युक्तिवादालाही तालमूदांतूनच उत्तर मिळतें. अंत्ययात्रेस पोंचविण्यासाठीं अध्ययन थांबवावें, असा तेथें नियम आहे. यात्रेस पुरेसे लोक असतील तर अध्ययन सोडूं नये, हें खरें. पण पुरेसे म्हणजे किती? विद्वान मनुष्याच्या बाबतींत ही संख्या सहा लाखांपर्यंत नेली आहे. मग ज्यांनीं आपला प्राण समाजासाठीं दिला त्यांच्यासाठीं दोन मिनिटें ग्रंथ मिटले तर काय बिघडलें? याहून जिव्हाळ्याची कथा मोशेची आहे. अमालेकांशीं युद्ध चाललें असतां मोशेचे हात जड झाले, आणि त्याच्याखालीं एक दगड ठेवला, असें निर्गम ग्रंथांत आहे. तालमूदाचे पंडित विचारतात, मोशेला उशी किंवा लोड मिळाला नसता काय? आणि स्वतःच उत्तर देतात कीं, लोक संकटांत असतां मोशेला मऊ आसनावर बसावयाचें नव्हतें. समाज दुःखांत असतां जो वेगळा होतो त्याला समाजाच्या सांत्वनांतही वांटा मिळत नाहीं, अशी त्या ठिकाणची शिकवण आहे.

स्मरण कोणी करावें, ह्यावरही एक वाद आहे, आणि तो मौन पाळणाऱ्यांच्याच घरांतला आहे. १९२० सालीं गालील प्रांतांतील तेल हाई येथें योसेफ त्रुम्पेल्डोर आणि त्यांचे सोबती मिळून आठ जण मारले गेले. त्यांच्यासाठीं कामगार पुढारी बेर्ल कात्सनेल्सन यांनीं एक स्मरणलेख लिहिला. जुन्या यिझकोरमध्यें ईश्वरानें स्मरावें असें असतें. कात्सनेल्सन यांनीं त्या जागीं इस्रायलची प्रजा घातली. हाच लेख पुढें सैन्याच्या स्मरणविधीचा पाया झाला. सैन्याचे पहिले प्रमुख रब्बी श्लोमो गोरेन यांनीं त्यांत पुन्हां ईश्वराचें नांव आणलें. तेव्हांपासून दोन्ही पाठ चालत राहिले, आणि २०११ सालीं ह्या एका शब्दावरून देशभर कडाक्याचा वाद झाला. एका पक्षाला वाटतें कीं, माणसें विसरतात, ईश्वर विसरत नाहीं, म्हणून त्याच्याकडेच मागावें. दुसऱ्याला वाटतें कीं, ज्या प्रजेसाठीं तरुण मेले तिनें आपलें ओझें ईश्वरावर टाकूं नये. वास्तविक इजिप्तमधून झालेली सुटका, अमालेकाचा हल्ला, शब्बाथ यांचें स्मरण ठेवण्याची आज्ञा पवित्र ग्रंथांत प्रजेलाच केलेली आहे. त्यामुळें दुसरा पाठही अगदींच अधार्मिक ठरत नाहीं.

धर्मनिष्ठ झायोनवादी, म्हणजे राष्ट्राच्या पुनःस्थापनेंत ईश्वराचा हात पाहणारे ज्यू, ह्या दिवसाला पूर्ण धार्मिक अर्थ देतात. शत्रूच्या तावडींतून समाजाचें रक्षण करण्यासाठीं केलेलें युद्ध हें धर्मकर्तव्यच आहे, असा बाराव्या शतकांतील महापंडित मैमोनिदेस यांचा नियम ते दाखवितात. लोद गांवच्या हुतात्म्यांचा तालमूदांतील उल्लेखही ते पुढें करतात. ह्या हुतात्म्यांनीं आपल्या समाजाचा जीव वांचविण्यासाठीं स्वतःवर आळ घेतला, अशी परंपरा आहे, आणि परलोकांत त्यांच्या पायरीला दुसरा कोणी पोंचत नाहीं, असें तालमूद म्हणतो. शत्रूच्या हातून मेलेल्यास न धुतां, रक्ताळलेल्या कपड्यांसह पुरावें, असें धर्मसंहितेंत आहे. त्यांतही हाच आदर दिसतो. रब्बी श्लोमो झाल्मान आउएरबाख हे हरेदी समाजांतील मोठे निर्णयकार. सत्पुरुषांच्या कबरींचें दर्शन घेण्यास दूर जाऊं काय, असें एका शिष्यानें त्यांना विचारलें असतां, आपण त्यासाठीं हर्झल टेकडीवरील सैनिकांच्या कबरींपाशीं जातो, असें ते म्हणाल्याची कथा सांगतात. त्या टेकडीवर सेनापतीचा आणि साध्या शिपायाचा दगड एकाच घाटाचा असतो.

आणखी एक युक्तिवाद फार हृद्य आहे. १९४८ सालीं लढलेल्यांत पुष्कळ जण युरोपांतील संहारांतून एकटेच वांचून आलेले होते. त्यांतले कित्येक आपल्या घराण्याचे शेवटचे अंकुर ठरले. त्यांच्यामागें कद्दिश म्हणणारें कोणी उरलें नाहीं. आपल्याकडे ज्यांची तिथि ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं सर्वपित्री अमावास्या असते. तशीच सोय इस्रायलच्या रब्बी-मंडळानें तेवेत महिन्याच्या दशमीस, तारीख ठाऊक नसलेल्या संहारपीडितांसाठीं, सामुदायिक कद्दिश ठरवून केली. ज्या सैनिकाचें कोणीच नाहीं त्याचें इय्यार चतुर्थीस सारे राष्ट्र आप्त होतें. हें ज्यांना पटतें त्यांना नव्या दिवसाचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न थोडा दुय्यम वाटतो.

राज्य आणि धर्म यांनीं एकमेकांसाठीं वाट सोडल्याचेंही एक उदाहरण आहे. चतुर्थी रविवारीं आली तर स्मृतिदिनाची संध्याकाळ शनिवारीं पडे, आणि तिच्या तयारीसाठीं शिपाई व कामगार यांना शब्बाथच्या विश्रांतीचा भंग करावा लागे. मृतांच्या सन्मानासाठीं शब्बाथ मोडणें रब्बींना कसें रुचावें? शेवटीं २००४ सालीं कायदा बदलून, अशा वर्षीं दिवस सोमवारीं पाळावा, असें ठरलें. स्वातंत्र्यदिन शुक्रवारीं किंवा शनिवारीं येत असेल तर दोन्ही दिवस अलीकडे आणतात. अहरोनाच्या वंशांतील पुरोहितांना मृतांच्या सान्निध्याची मनाई असल्यामुळें ते स्मशानाबाहेर किंवा कबरींपासून अंतर राखून उभे राहतात. त्यालाही कोणी अनादर मानीत नाहीं.

ह्या सगळ्या गोष्टींचा महाराष्ट्राशीं एक धागा आहे. कोंकणांतील बेने इस्रायल समाज अनेक पिढ्या मुंबईच्या लष्करांत नोकरी करीत आला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यांतील सामाजी हसाजी दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेंत सांपडले होते. त्यांतून सुटल्यावर कृतज्ञतेनें त्यांनीं १७९६ सालीं मुंबईस मांडवी भागांत पहिलें ज्यू प्रार्थनामंदिर बांधलें, असा ह्या समाजाचा इतिहास आहे. १९४८ नंतर ह्यांतील बहुसंख्य कुटुंबें इस्रायलला गेलीं, आणि लोद, रामला, अश्दोद, बेरशेबा, दिमोना अशा गांवीं वसलीं. ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिकही तेथें निघालें. त्यांचे पुत्र इतरांप्रमाणें सैन्यांत गेले. तरीही १९६० नंतरच्या वर्षांत विवाहाच्या वेळीं त्यांच्या ज्यूपणाविषयीं रब्बी-मंडळानें चौकशी लावली. तेव्हां समाजानें निकराचा लढा दिला, आणि १९६४ सालीं इस्रायलच्या लोकसभेनें बेने इस्रायल सर्व दृष्टींनीं ज्यूच आहेत, असें ठरविलें. सीमेवर उभें राहण्यास पात्र, पण मांडवांत उभें राहण्यास संशयित, ही स्थिति त्यांनीं अनुभवली. धर्माधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यांच्यासाठीं पुस्तकी राहिला नाहीं.

ह्या वादाची आजची धार मात्र मौनांत नसून सैन्यभरतींत आहे. १९४८ सालीं डेव्हिड बेन-गुरियन यांनीं पाठशाळांतील सुमारें चारशें विद्यार्थ्यांना लष्करी नोकरींतून सूट दिली. हरेदी समाज वाढला, तशी ती संख्या हजारोंनीं वाढली. जून २०२४ मध्यें, गाझांतील युद्ध चालूं असतां, तेथील सर्वोच्च न्यायालयानें ह्या सवलतीला कायद्याचा आधार उरलेला नाहीं, असा एकमुखी निकाल दिला. तेव्हां एखादा तरुण भोंगा वाजतांना चालत राहिला, म्हणजे पाहणाऱ्याच्या मनांत कोलोनचा निर्णय किंवा हझोन ईश यांचें पत्र येत नाहीं. त्याच्या मनांत एकच प्रश्न येतो, कीं माझा मुलगा गेला आणि ह्याचा कां नाहीं? ह्या प्रश्नाला धर्मग्रंथांतील कोणताही युक्तिवाद पुरा पडत नाहीं. म्हणूनच, मौनाला शास्त्राधार नाहीं असें मानणारे कित्येक हरेदी पंडितसुद्धां सांगतात कीं, चारचौघांत असतांना भोंगा वाजला तर थांबावें. कोणाचें मन दुखवूं नये व ईश्वराच्या नांवाला बट्टा लागूं देऊं नये.

यरुशलेमी तालमूदांत ह्याच संबंधांत एक मार्मिक विचार आला आहे. अंत्ययात्रा जवळून जातांना लोक उभे राहतात; तें मृतासाठीं नव्हे, तर त्याला खांदा देऊन त्याच्यावर शेवटचा उपकार करणाऱ्यांसाठीं, असें तेथें म्हटलें आहे. हा भेद ध्यानीं घेतला, तर तिन्ही आक्षेपांचें स्वरूप बदलतें. मृतासाठीं कोणी कद्दिश म्हणो, कोणी मिश्ना वाचो, कोणी दिवा लावो. त्यांतलें अधिक पुण्य कशांत आहे, ह्याचा निर्णय पंडितांनीं खुशाल करावा. परंतु जे आईबाप, ज्या विधवा आणि जीं भावंडें आपल्या माणसाचें ओझें वर्षानुवर्षें वाहत आहेत, तीं त्या दोन मिनिटांत रस्त्यावर, शेजारीं, डोळ्यांसमोर असतात. त्यांच्यासाठीं उभें राहण्यास नवा सण, नवा उपवास किंवा नवा धर्माधिकार लागत नाहीं. त्याचा आधार दीड हजार वर्षांपूर्वींच्या ग्रंथांतच आहे.